मुंबई, बदलापूर की गाव? घर कुठे करायचं हे ठरवण्याची रीत

डिसेंबरातल्या रविवारी दुपारी सँपल फ्लॅट बघायला गेलं की बदलापूर आवडतं. आंब्याच्या दिवसांत आठवडाभर राहिलं की गाव आवडतं. शुक्रवारी संध्याकाळी दादरच्या पुलावर अडकलं की ही दोन्ही ठिकाणं मुंबईपेक्षा बरी वाटतात. या तिन्ही वेळांना निर्णय घेऊ नये. घराची जागा तिच्या सर्वांत वाईट दिवसावरून जोखावी: जुलैतला मुसळधार पावसाचा दिवस, मे महिन्याचा शेवटचा आठवडा, आणि घरात कुणाच्या तरी छातीत कळ येते ती रात्रीची दोनची वेळ. या तीन वेळा जिथे निभावतात तिथे उरलेलं वर्ष आपोआप निभावतं.

पुढची रीत ज्यांच्या घरातला निदान एकजण मुंबईत नोकरी करतो त्यांच्यासाठी आहे. समोर पर्याय तीन: मुंबई-ठाण्यात लहान घर, लोकलच्या शेवटच्या पट्ट्यात (बदलापूर, वांगणी, टिटवाळा, विरार) त्याच पैशात मोठं घर, किंवा गावचं घर नीट करून तिथे राहणं.

आधी तास मोजा, मग रुपये

किलोमीटरवर जाऊ नका. सीएसएमटीपासून कल्याण साधारण ५४ किलोमीटर, बदलापूर ६८, कर्जत १००. चर्चगेटपासून विरार ६०. पण खरा आकडा असतो घराच्या दारापासून ऑफिसच्या टेबलापर्यंतच्या वेळेचा. तो कामाच्या पाच दिवशी प्रत्यक्ष जाऊन-येऊन घ्यायचा, त्यातले निदान दोन दिवस पावसाळ्यातले हवेत. मोजताना प्रवासाचे तुकडे वेगळे लिहा: घर ते स्टेशन, रिक्षाची रांग, पूल चढून फलाटावर पोचणं, गाडीची वाट पाहणं, गाडीतला वेळ, गाडी बदलणं, उतरल्यावरची चाल. ‘स्टेशनपासून ५ मिनिटं’ हे जाहिरातीतलं अंतर मोकळ्या रस्त्यावर दुचाकीचं असतं. संध्याकाळी साडेसातला, छत्री उघडून, रिक्षाच्या रांगेत उभं राहून तेच अंतर कापलं की किती मिनिटं जातात ती खरी.

कल्याणच्या पुढे गाड्या कसारा आणि कर्जत अशा दोन दिशांना फुटतात, त्यामुळे प्रत्येक बाजूला त्यांची संख्या कमी होते. शिवाय कुर्ल्यापासून कल्याणपर्यंत लोकल आणि मेल-एक्स्प्रेसला वेगळे रूळ मिळतात. कर्जतच्या बाजूला पुण्याकडच्या गाड्या, मालगाड्या आणि लोकल एकाच जोडीवरून धावतात. एक मालगाडी अडकली की मागचं सगळं अडतं. पश्चिमेला विरारच्या पुढे डहाणूकडे हीच गत आहे. म्हणून वेळापत्रकातल्या वेळेवर या पट्ट्यात रोज १० ते १५ मिनिटं वरची धरावीत. नवी मार्गिका, नवी मेट्रो, नवा उन्नत रस्ता ‘येणार’ असेल तर आजच्या हिशेबात तिची किंमत शून्य धरा. सुरू झाल्यावर मिळेल तो फायदा वरचा.

बसायला मिळेल का, हे घराच्या स्टेशनावर जेवढं अवलंबून असतं तेवढंच ऑफिसच्या स्टेशनावर असतं. सकाळी बदलापूरहून सुटणारी गाडी आणि कर्जतहून भरून येणारी गाडी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. संध्याकाळी फोर्टातला माणूस सीएसएमटीला रिकाम्या गाडीत चढतो. घाटकोपर, विक्रोळी किंवा कुर्ल्याला ऑफिस असेल तर तीच गाडी खचाखच भरलेली मिळते आणि दीड तास दारात उभं राहावं लागतं. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळच्या वळणावर धावत्या लोकलच्या दारातून प्रवासी खाली पडून मृत्युमुखी पडले, ते या गर्दीतच. रोज दारात लटकावं लागणार असेल तर ते घर कितीही स्वस्त असो, घेऊ नये.

उलट नोकरी ठाणे, ऐरोली किंवा महापेला असेल तर अंबरनाथ-बदलापूरचं गणित पार बदलतं. ठाण्याला गाडी बदलून ट्रान्स-हार्बर (ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणारी लोकल) धरली की अंतर जवळजवळ निम्मं होतं.

आता हिशेब. फोर्टात ऑफिस आहे असं धरू. बदलापूरहून एका बाजूला २ तास १० मिनिटं, कुर्ल्याहून ५५ मिनिटं. फरक सव्वा तासाचा, म्हणजे दोन्ही वेळचा अडीच तास, महिन्याच्या २४ दिवसांचे ६० तास. दोन ठिकाणच्या घरभाड्यात १८,००० रुपयांचा फरक आहे आणि वाढीव पास-रिक्षाला २,५०० जातात असं समजा. खरे वाचतात १५,५००. त्यांना ६० ने भागलं की तासाला सुमारे २६० रुपये. महिन्याला ५०,००० कमावणारा माणूस २४ दिवस रोज ९ तास काम करतो तेव्हा त्याला तासाला २३० च्या आसपास पडतात. म्हणजे त्याला बदलापूर परवडतं, पण थोडक्यातच. लाखभर पगार असणाऱ्याला परवडत नाही.

नवरा-बायको दोघंही रोज मुंबईला जाणार असतील तर हा हिशेब कोसळतो, आणि नेमकं हेच घर घेताना बघितलं जात नाही. तास दुप्पट होतात, १२०. भाड्यातली बचत मात्र दुप्पट होत नाही, उलट दुसऱ्या पास-रिक्षाचे पैसे जाऊन १३,००० उरतात. तासाला जेमतेम १०८ रुपये. वर, मूल शाळेतून आल्यावर संध्याकाळी साडेआठपर्यंत त्याच्याजवळ कोण, हा प्रश्न उरतोच. दोघांपैकी एकाची नोकरी घराजवळ असेल, किंवा आठवड्यातून दोनच दिवस ऑफिस असेल, तर लांबचं घर पुन्हा फायद्यात येतं. दोन दिवसांच्या माणसाचे ६० तास २० च्या आसपास उतरतात.

विकत घेत असाल तर भाड्याच्या जागी हप्ता धरा. साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांच्या कर्जाला दर लाखामागे महिना ८६८ रुपये हप्ता बसतो. दोन घरांच्या किमतीत ३० लाखांचा फरक असेल तर हप्त्यातला फरक २६,००० रुपयांचा. याच रकमेला वरच्या तासांनी भागा.

लांबच्या उपनगरातलं पाणी

नळाला पाणी येतं का, असं विचारू नका. उत्तर नेहमी ‘येतं’ असंच मिळतं. विचारायचं असं: एप्रिल-मेमध्ये आठवड्यातून किती दिवस येतं, किती वाजता, किती मिनिटं, आणि सोसायटीने गेल्या मे महिन्यात किती टँकर मागवले. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोसायटीच्या खर्चाच्या वहीत लेखी असतं. सेक्रेटरीकडे ते पान मागा. नवी इमारत असेल तर शेजारच्या पाच-सात वर्षं जुन्या सोसायटीच्या वॉचमनला विचारा. टँकर आत घेण्यासाठी फाटक तोच उघडतो.

आकडेमोड सोपी आहे. शहरी पाणीपुरवठ्याचं प्रमाण माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. चार माणसांच्या घराला ५४० लिटर, ४० घरांच्या इमारतीला २१,६०० लिटर. एक टँकर १०,००० लिटरचा. नळ पूर्ण बंद असेल तर इमारतीला रोज दोन टँकर, निम्मं पाणी येत असेल तर एक. रोज एक टँकर धरून त्याचा स्थानिक दर विचारा, ३० ने गुणा आणि ४० ने भागा, की तुमच्या घराला मेमध्ये किती वाढीव खर्च येईल ते कळतं. देखभाल खर्चाच्या कोष्टकात बिल्डर तो कधीच दाखवत नाही.

जमिनीखालच्या टाकीची क्षमताही विचारा. निदान दोन दिवसांचं पाणी मावायला हवं, म्हणजे ४० घरांना ४३,००० लिटरच्या वर. एका दिवसापुरतीच टाकी असेल तर एक पाइपलाइन फुटली की दुसऱ्या सकाळी बादल्या घेऊन रांग लागते.

पुराची रेषा

उल्हास नदीचं पाणी बदलापूर-वांगणीच्या पट्ट्यात काय करतं ते २६ जुलै २००५ ला दिसलं आणि २७ जुलै २०१९ ला पुन्हा दिसलं. त्या दिवशी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटी लावून बाहेर काढावं लागलं. नदीकाठचे ‘रिव्हर व्ह्यू’ प्रकल्प पाहताना हे लक्षात असू द्या.

जलसंपदा विभाग नदीच्या दोन पूररेषा आखतो. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आतलं घर घेऊ नका, किंमत काहीही असो. निळ्या-लाल पट्ट्यात घ्यायचंच असेल तर तळमजला आणि पहिला मजला सोडा. पालिकेच्या नगररचना विभागात सर्व्हे नंबर देऊन विकास आराखड्यात जागा कुठे येते ते पाहता येतं. नकाशा पाहून झाल्यावर परिसरातल्या जुन्या किराणा दुकानदाराला ‘२००५ ला पाणी कुठपर्यंत होतं?’ एवढं विचारा. तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल.

इमारत उंचावर असली तरी तीन गोष्टी खाली जाऊन बघा: मीटर रूम, पाण्याचा पंप आणि लिफ्टची मशिनरी कुठे आहे. या तळघरात किंवा रस्त्याच्या पातळीवर असतील तर तुमचं सातव्या मजल्यावरचं घर कोरडं राहील, पण त्यात वीज, पाणी आणि लिफ्ट नसेल.

कागद, थोडक्यात

२०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरच्या आणि आठापेक्षा जास्त घरांच्या प्रकल्पाची महारेराकडे (या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे) नोंदणी लागते, आणि करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांवर रक्कम घेता येत नाही. पण नुसत्या महारेरा क्रमांकावर विसंबू नका. कल्याण-डोंबिवलीत पालिकेच्या खोट्या परवानग्या दाखवून ६५ इमारतींनी हा क्रमांक मिळवला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले आणि कर्ज काढून घरं घेतलेली कुटुंबं उघड्यावर येण्याची वेळ आली. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राचा क्रमांक आणि तारीख घेऊन पालिकेच्या नगररचना विभागात स्वतः जा आणि तो त्यांच्या दप्तरात आहे का ते पडताळा. तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र बघितल्याशिवाय बोलणी पुढे नेऊ नका. ते नसलेल्या इमारतीला पाण्याची जोडणी, कर्ज आणि पुढची विक्री तिन्ही नडतात.

खर्चाच्या यादीत मुद्रांक शुल्क विसरू नका: मुंबईत ६ टक्के, ठाणे-कल्याणसारख्या महापालिकांत ७, घर फक्त महिलेच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये.

गावचं घर: आधी सातबारा

‘आपलं गावाला घर आहेच’ या वाक्यातला ‘आपलं’ कागदावर किती आहे, ते आधी बघायचं. पणजोबांच्या नावचं घर असेल आणि वारसनोंदी झालेल्या नसतील, किंवा झाल्या असतील आणि सातबाऱ्यावर अठरा नावं सामाईक असतील, तर त्या घरावर कर्ज मिळत नाही, नवं बांधकाम अडतं आणि तुम्ही आठ लाख घालून दुरुस्ती केलीत की चुलतभावाला त्यातला हिस्सा आठवतो. गावाला राहायला गेलेल्यांचं बिनसतं ते बहुतेक वेळा इथेच.

क्रम असा ठेवा. महाभूमीच्या ‘डिजिटल सातबारा’ संकेतस्थळावरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या नावावरच्या सगळ्या जमिनींचा उतारा) काढा. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग १ आहे की २ ते पाहा. वर्ग २ ची जमीन सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही. मग ‘इतर हक्क’ हा रकाना नीट वाचा. बँकेच्या किंवा गावच्या विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कोर्टाचा मनाई हुकूम आणि कुळांची नावं तिथे असतात. कोकणात कुळाचं नाव निघणं अगदी नेहमीचं आहे. त्यानंतर उताऱ्यावर लिहिलेल्या क्रमांकांचे फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी) निदान ३० वर्षं मागे जाऊन वाचा, की कोणाचं नाव कसं लागलं आणि कोणाचं राहून गेलं ते समजतं.

वारसनोंद राहिली असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडे अर्ज करा. सगळे हिस्सेदार राजी असतील तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ८५ खाली तहसीलदारांमार्फत वाटणी होते. एकानेही हरकत घेतली तर दिवाणी कोर्ट आणि पुढची अनेक वर्षं. म्हणून घराला हात लावण्याआधी मुंबई, पुणे, बडोदा जिथे जिथे हिस्सेदार आहेत त्या प्रत्येकाला भेटा. फोनवरचा होकार पुरत नाही, सही लागते.

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. तिथे ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा असेसमेंट उतारा चालतो, पण तो घरपट्टीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. तुमच्या गावाची मोजणी झाली असेल तर पत्रिकेवर नाव कोणाचं लागलं ते आधी तपासा. मोजणीच्या दिवशी घरात जो राहत होता त्याचं एकट्याचं नाव लागलेलं असू शकतं.

हक्कसोडपत्राबद्दल एक इशारा. भावाला किंवा बहिणीला जमीन सोडून द्यायची भावना चांगली आहे, पण तुमचं नाव शेवटच्या सातबाऱ्यावरून गेलं की तुम्ही शेतकरी राहत नाही. मग १९४८ च्या कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन घ्यायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. एखादा लहानसा गट तरी नावावर राहू द्या.

गावी काहीच नाही आणि नव्याने जागा घ्यायची आहे, त्यांना कर्जत, मुरबाड, शहापूरकडचे पाच-पाच गुंठ्यांचे ‘फार्महाऊस प्लॉट’ दाखवले जातात. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, ४० गुंठ्यांचा एकर. तुकडेबंदी कायद्याने ऑगस्ट २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीचं किमान क्षेत्र २० गुंठे आणि बागायतीचं १० गुंठे ठेवलं. २०२५ मध्ये नागरी आणि रहिवासी क्षेत्रांना सवलती आल्या, पण शेतीच्या पट्ट्यातल्या तुकड्याला त्या लागू आहेत असं विक्रेत्याच्या तोंडच्या शब्दावर मानू नका. एका सातबाऱ्यावर बारा अनोळखी खरेदीदारांची नावं सामाईक लावून दिलेला प्लॉट म्हणजे वर सांगितलेला भाऊबंदकीचा गुंता, तोही विकत घेतलेला.

विहीर मेमध्येच बघायची

कोकणात पाऊस धो-धो पडतो आणि एप्रिलपासून बायका हंडे घेऊन चालतात, याचं कारण जमिनीत आहे. जांभा दगड सच्छिद्र, उतार तीव्र आणि समुद्र जवळ. मुरलेलं पाणी थांबत नाही, दिवाळीनंतर झपाट्याने उतरायला लागतं. म्हणून गणपतीत काठोकाठ भरलेली विहीर पाहून काहीच ठरवू नका. मेच्या तिसऱ्या आठवड्यात दोरीला दगड बांधून पाण्याची उंची मोजा. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे २,१५० लिटर. मग संध्याकाळी पंपाने पाणी खाली आणा आणि सकाळी पुन्हा मोजा. रात्रीत एक फूट चढलं तर चार माणसांना भरपूर आहे; चार बोटंही चढलं नाही तर साठवणीच्या टाकीला जागा आणि पैसे बाजूला काढा. जलजीवन मिशनचा नळ असेल तर त्याचं प्रमाण माणशी ५५ लिटर आहे. पिण्या-स्वयंपाकाला आणि जेमतेम आंघोळीला पुरेल. वॉशिंग मशीन, कमोड आणि बाग यांना पुरणार नाही.

शौचालयाचा शोषखड्डा विहिरीपासून निदान १५ मीटर लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा. जांभ्याच्या भेगांतून सांडपाणी लांबवर जातं, त्यामुळे जागा असेल तर अंतर याहून वाढवा आणि शेजाऱ्याचा खड्डा कुठे आहे तेही बघा. विहिरीचं पाणी पावसाळ्यानंतर एकदा आणि उन्हाळ्यात एकदा तपासून घ्या.

वीज, फोन, छप्पर

संध्याकाळी सात ते नऊ या वेळात मल्टिमीटरने व्होल्टेज बघा. २०० च्या खाली जात असेल तर पंप उचलत नाही आणि मोटर जळते. पावसाळ्यात फांदी पडून वीज गेली की दिवस-दिवस येत नाही, आणि मोबाइलच्या टॉवरची बॅटरी काही तासांत संपते, तेव्हा फोनही जातो. घरून काम करणाऱ्याने हे धरूनच चालावं.

१२ व्होल्टच्या १५० एएच बॅटरीत कागदावर १.८ युनिट असतात, वापरता येतात साधारण १.३. कमी विजेचे तीन पंखे ९० वॉट, दिवे ३०, राउटर १५, लॅपटॉप ६०. एकूण १९५ वॉटला साडेसहा तास मिळतात. जुने ७५ वॉटचे पंखे ठेवलेत तर तेच चार तासांवर येतं. त्यामुळे दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखे बदला. इंटरनेटसाठी फायबर घरापर्यंत येतो का आणि तुटल्यावर जोडायला माणूस कुठून येतो, हे विचारा. तो तालुक्याच्या गावाहून येत असेल तर पावसात दोन दिवस धरा. शिवाय चिऱ्याच्या किंवा मातीच्या जाड भिंतीआड मोबाइलचा सिग्नल पडतो. जिथे टेबल मांडणार त्याच खोलीत बसून अर्धा तास व्हिडिओ कॉल करून बघा.

कौलारू छपराची कौलं दर वर्षी मृगाआधी चाळून, फुटकी बदलून घ्यावी लागतात. माकडांचा उपद्रव असेल तर वर्षातून दोनदा. हे काम जाणणारी माणसं गावागणिक कमी झाली आहेत, म्हणून गडी मिळतो का ते आधी विचारा. पत्रे घातले की हा त्रास संपतो, पण दुपारी घर तापतं आणि पावसात समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही. बंद पडलेल्या घरात वासे, चौकटी आणि माळा इथे वाळवी शोधा: स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा, लाकूड पोकळ लागलं तर तो वासा गेला. वायरिंग जुनं असेल तर सगळं काढून नवं करा. अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय ओल्या भिंतींच्या घरात राहायला जाऊ नका.

रात्री दोनचा दवाखाना

घरात साठीच्या पुढचं कुणी असेल तर हा मुद्दा बाकी सगळ्यांच्या वर ठेवावा. कागदावर चार अंतरं मिनिटांत लिहा: २४ तास डॉक्टर हजर असलेला दवाखाना, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, सोनोग्राफी-सिटीस्कॅन, आणि अँजिओप्लास्टी होते असं रुग्णालय. शेवटचं अंतर दोन तासांच्या वर असेल तर हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळच्या रुग्णालयात देतात का, हे आजच जाऊन विचारून ठेवा. १०८ ची रुग्णवाहिका कुठे उभी असते आणि वाडीपर्यंत गाडी चढते का, तेही. पावसाळ्यात साकव बुडत असेल तर दुसरा रस्ता कोणता ते माहीत हवं. कोकणात फुरसं आणि सगळीकडे नाग, मण्यार, घोणस आहेत. सर्पदंशावरचं प्रतिविष प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवलेलं असतं का, आणि रात्री केंद्र उघडायला कोण येतं, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळायला हवीत. डायलिसिस चालू असलेल्या किंवा कॅन्सरचे उपचार घेणाऱ्या माणसाला घेऊन खेड्यात राहायला जाऊ नये. उपचार संपेपर्यंत थांबा.

मुलांच्या शाळेचं मोजमाप वेगळ्या तऱ्हेने करा. चौथीपर्यंतची जिल्हा परिषदेची शाळा अनेक गावांत उत्तम असते, तिची काळजी करू नका. बघायचं ते अकरावी-बारावीला विज्ञान शाखा किती अंतरावर आहे आणि संध्याकाळी परतीची शेवटची एसटी किती वाजता सुटते.

गावाचं उत्पन्न हिशेबात धरू नका. हापूसचं कलम लावल्यापासून हाती काही लागायला पाच-सहा वर्षं जातात, काजूला तीन-चार. तोवर घर चालेल एवढी नोकरी, पेन्शन किंवा व्याज हवं. गावकीची वर्गणी, पालखी, शिमगा यांतला वाटाही उचलावा लागतो. आणि तो मनापासून उचलला तर अडीअडचणीला रात्री दार ठोठावता येईल अशी दहा घरं मिळतात. ही गोष्ट मुंबईत पैसे देऊन मिळत नाही, म्हणून तिलाही हिशेबात जागा द्या.

विकत घेण्याआधी राहून बघा

लांबच्या उपनगरात जायचं ठरत असेल तर त्याच परिसरात भाड्याने घर घ्या. ११ महिन्यांचा करार १ जुलैला सुरू केला की ३१ मे ला संपतो, आणि पावसाळा आणि पाणीटंचाई दोन्ही त्यात येतात. जूनपासून केलात तर मे नेमका सुटतो. शाळकरी मूल असेल तर १५ जूनपासून बारा महिन्यांचा करा. गावाला जायचं असेल तर घरातल्या एकानेच आधी जुलैचे १५ आणि मेचे १५ दिवस, ऑफिसचं काम आणि आईवडिलांची औषधं घेऊन राहावं. या दिवसांत पाहुण्यासारखं राहू नये: बाजार, गॅस, पाणी, दळण सगळं स्वतः करावं.

या काळात एका वहीत चारच नोंदी ठेवा: रोज प्रवासात गेलेला वेळ, पाणी न आलेले दिवस, वीज किंवा इंटरनेट नसलेले तास, आणि दवाखान्यात जावं लागलं तेव्हा दारातून निघाल्यापासून डॉक्टर भेटेपर्यंतची मिनिटं. ३१ मे ला घरातली सगळी मोठी माणसं ही वही घेऊन बसा. रोज सकाळी डबा भरणाऱ्याचं आणि दिवसभर घरात असणाऱ्याचं मत शेवटी ऐकण्याऐवजी आधी ऐका, कारण त्या जागेत सर्वांत जास्त तास त्यांचे जाणार आहेत.

मुंबईतलं घर स्वतःचं असेल तर पहिली दोन वर्षं ते विकू नका. लिव्ह अँड लायसन्सवर द्या आणि येणाऱ्या भाड्यातून नव्या जागेचा खर्च भागवा. एकदा विकून बाहेर पडलं की त्याच भागात परत घर घेणं बहुतेकांना जमत नाही. करार नोंदवायची जबाबदारी १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने घरमालकावर आहे. नोंदणी ऑनलाइन होते. करारात मुदत ११ किंवा २२ महिन्यांची ठेवा आणि एक महिन्याच्या नोटिशीचं कलम दोन्ही बाजूंना सारखं घाला, म्हणजे परत यायची वेळ आली तर घर हातात येईल.